नागपूरच्या धावपट्टीवरील दोन उड्डाणे : दोन इंजिनांच्या विमानाचा एक इतिहास (थ्रेड)

१/
समजा, १९५३ सालचा डिसेंबर आहे. दिल्लीच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करणारा संगमेश्वरचा तरुण संध्याकाळी घरी पत्र टाकतो. कोकणात अजून रेल्वे नाही. संगमेश्वरच्या वाटेवरून आगगाडी धावायला अजून चार दशकांहून अधिक काळ आहे. तरीही हे पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत असते. मुंबईहून शास्त्री नदीकाठच्या त्या गावापर्यंतचा मोटारीचा किंवा बोटीचा प्रवास मात्र जुन्याच गतीने होतो. पत्राच्या वाटेतील सर्वांत लांब पल्ला एका रात्रीत संपतो आणि उरलेल्या छोट्या पल्ल्याला वेळ लागतो.

२/
ही किमया करणाऱ्या व्यवस्थेचे नाव होते रात्रीची हवाई टपालसेवा. तिचा मध्यबिंदू होता नागपूर. याच नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवरून १२ डिसेंबर १९५३ रोजी उडालेले एक विमान काही क्षणांत कोसळले. पुढे ६७ वर्षांनी, ६ मे २०२१ रोजी, त्याच विमानतळावरून उडताना दुसऱ्या एका विमानाचे चाक निखळून पडले. दोन्ही विमाने दोन इंजिनांची होती. पहिल्या उड्डाणात तेरा जण मरण पावले, दुसऱ्यात एकही नाही. या दोन घटनांच्या मधला इतिहास या थ्रेडचा विषय आहे.

३/
आधी नागपूरविषयी. भारताच्या नकाशावर दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही चार शहरे घेतली, तर त्यांच्या साधारण मध्यावर नागपूर येते. १९४९ च्या जानेवारीत सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेने याच भूगोलाचा उपयोग केला. चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर ती नागपुरात एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी विमाने आपापल्या गावी परत फिरत. एखाद्या मोठ्या जंक्शनावर चार दिशांच्या गाड्या एकाच वेळी लागाव्यात, तसाच हा प्रकार होता. फक्त रूळ आकाशात होते.

४/
१ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना लागू झाली. तोवर हवाई टपाल ही पैसेवाल्यांची आणि व्यापारी पेढ्यांची सोय होती. आता साध्या तिकिटाचे पत्रही विमानात चढू लागले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले, तेव्हा विमान एका इंजिनाचे होते आणि उड्डाण दिवसाचे होते. सतरा वर्षांनंतर सामान्य माणसाचे पत्र रात्रीच्या अंधारातून, दोन इंजिनांच्या विमानाने जाऊ लागले.

५/
ते विमान म्हणजे डकोटा. डग्लस कंपनीच्या डीसी-३ या विमानाचे हे युद्धकालीन रूप. प्रत्येकी सुमारे १२०० अश्वशक्तीची दोन इंजिने, पूर्ण भाराने बारा टनांच्या आसपास वजन. दुसऱ्या महायुद्धात अशी विमाने हजारोंनी तयार झाली. युद्ध संपल्यावर ती स्वस्तात उपलब्ध झाली आणि भारतातील नव्या विमान कंपन्यांचा संसार त्यांच्यावरच उभा राहिला. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ खासगी कंपन्यांच्या विलीनीकरणातून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनचा कारभार सुरू झाला. तिच्या वाट्याला आलेल्या ताफ्यात बहुसंख्य विमाने डकोटाच होती.

६/
डकोटाच्या जन्मकथेत या विषयाचे बीज आहे. १९३१ साली अमेरिकेत लाकडी पंखांचे एक तीन इंजिनांचे प्रवासी विमान हवेत मोडून पडले. त्यानंतर १९३२ मध्ये एका अमेरिकन विमान कंपनीने नव्या धातूच्या विमानाची मागणी नोंदवली. सुरुवातीची कल्पना तीन इंजिनांची होती. डग्लसने दोन इंजिनांचे विमान पुढे केले. त्यावर कंपनीचे सल्लागार चार्ल्स लिंडबर्ग यांनी अट घातली : आमच्या मार्गावरील कोणत्याही विमानतळावरून, पूर्ण भारासह, एक इंजिन बंद पडले तरी विमानाला उड्डाण पूर्ण करता आले पाहिजे.

७/
१९३३ साली डीसी-१ या मूळ नमुन्याने ही परीक्षा दिली. ॲरिझोनातील विन्स्लो हे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचे ठिकाण. तिथे हवा विरळ, म्हणजे इंजिनाला आणि पंखांना दोघांनाही प्रतिकूल. उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद केले गेले. विमान एका इंजिनावर वर चढले आणि पुढच्या मुक्कामी, आल्बुकर्कीला, सुखरूप पोहोचले. ‘दुसरे इंजिन घरी आणील’ या विश्वासाची मुहूर्तमेढ तिथे रोवली गेली. डीसी-३ आणि डकोटा हे याच विमानाचे वंशज.

८/
आता १२ डिसेंबर १९५३. मध्यरात्र उलटून गेली आहे. थैल्यांची अदलाबदल झाली आहे. इंडियन एअरलाइन्सची व्हीटी-सीएचएफ ही डकोटा सोनेगावहून मद्रासच्या दिशेने निघते. विमानात चौदा माणसे आहेत : दहा प्रवासी आणि चार कर्मचारी. चाके जमीन सोडतात आणि त्या नेमक्या वेळी एका इंजिनाची शक्ती जाते. विमान उंची घेऊ शकत नाही. विमानतळाजवळच ते जमिनीवर आदळते. चौदांपैकी तेरा जण मरण पावतात. वाचतो तो एकटा वैमानिक.

९/
एक इंजिन चालू होते. विन्स्लोची परीक्षा या विमानाच्या पूर्वजाने दिलेली होती. मग विमान का पडले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक अपघात बाजूला ठेवून दोन इंजिनांच्या सर्वच विमानांकडे पाहावे लागते. सर्वसाधारण समज असा, की दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता. एक गेले तर निम्मी शक्ती शिल्लक राहते. हा हिशेब समुद्रसपाटीपासून दोन-तीन किलोमीटर उंचीवर, स्थिर वेगात उडणाऱ्या विमानाला बऱ्याच अंशी लागू पडतो. टेकऑफच्या क्षणी तो साफ चुकतो.

१०/
हिशेब असा. विमानाला नुसते समपातळीत टिकून राहायलाही शक्ती लागते. वर चढायला जी वापरता येते, ती त्यावरची शिल्लक. उदाहरणादाखल आकडे घेऊ. दोन्ही इंजिनांची मिळून शक्ती १०० आणि त्यांतील ४० नुसते तरंगत राहण्यात खर्ची पडते असे धरू. म्हणजे चढण्यासाठी ६० उरले. एक इंजिन गेले की एकूण शक्ती ५०, खर्च तोच ४०, शिल्लक फक्त १०. शक्ती निम्मी झाली, पण चढण्याची क्षमता एक षष्ठांशावर आली. पगार निम्मा झाला आणि घरभाडे तेच राहिले, तर बचतीचे जे होते, तेच इथे होते.

११/
आणि खर्च तरी तेवढाच राहतो कुठे? बंद पडलेल्या इंजिनाचा प्रॉपेलर वाऱ्याच्या झोताने उलटा विमानालाच मागे ओढू लागतो. म्हणून त्याची पाती वाऱ्याच्या रेषेत फिरवून त्यांचा अडथळा कमी करावा लागतो. वैमानिकांच्या भाषेत याला ‘फेदर करणे’ म्हणतात. त्याच वेळी चाके आत घ्यायची, कारण बाहेर लोंबणारी चाकेही ओढ निर्माण करतात. यांतले काही राहिले, तर उदाहरणातील ते दहाही उरत नाहीत. मग विमान एका चालू इंजिनासह खालीच येऊ लागते.

१२/
तिसरी अडचण दिशेची. दोन बैलांच्या गाडीत एक बैल मटकन खाली बसला, तर गाडी थांबण्याआधी त्या बाजूला वळते. विमानाचेही तसेच. चालू इंजिन आपली बाजू पुढे ढकलते आणि नाक बंद इंजिनाकडे वळते. ते सरळ ठेवण्यासाठी शेपटाकडील उभे सुकाणू पायाने पूर्ण दाबावे लागते. पण सुकाणूला बळ मिळते ते वाहत्या हवेतून, म्हणजेच वेगातून. वेग एका मर्यादेखाली गेला की पाय कितीही दाबला तरी नाक सावरत नाही. विमान कुशीवर वळते आणि उलटते.

१३/
त्यातही दोन्ही इंजिने सारखी नसतात. डकोटाचे दोन्ही प्रॉपेलर एकाच दिशेने फिरतात. मागून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. चढत्या विमानात खाली येणारे पाते अधिक जोर लावते. उजव्या इंजिनाचे असे पाते विमानाच्या मध्यरेषेपासून जास्त दूर असते, म्हणून एकट्या उजव्या इंजिनाचा वळवण्याचा जोर अधिक. परिणामी डावे इंजिन बंद पडणे अधिक घातक. म्हणून अशा विमानात डाव्या इंजिनाला ‘क्रिटिकल’ इंजिन म्हणतात. कोणते इंजिन गेले, हे अंधारात ओळखून योग्य तीच दांडी ओढणे हेही वैमानिकाचेच काम. चुकून चालू इंजिन बंद केल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत.

१४/
हे सारे किती वेळात करायचे? काही सेकंदांत. जमिनीपासून उंची शंभर-दीडशे फूट, वेग जेमतेम, समोर काळोख. विन्स्लोला परीक्षा घेणाऱ्यांना ठाऊक होते की इंजिन बंद होणार आहे. हात आणि मन दोन्ही सज्ज होते. नागपूरला ती सूचना कोणी दिलेली नव्हती. यंत्र दिलेला शब्द पाळू शकते, पण तो पाळण्यासाठी माणसाला जे काही करावे लागते त्यासाठी वेळ हवा, उंची हवी, सराव हवा. टेकऑफच्या वेळी पहिल्या दोन गोष्टी नसतात. तिसरी असावी लागते.

१५/
म्हणूनच मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत युद्धोत्तर काळात एक कल्पना पक्की रुजली : निर्णयाचा वेग. धावपट्टीवर धावताना एक ठरावीक वेग येण्यापूर्वी इंजिन गेले, तर थांबायचे आणि उरलेल्या धावपट्टीत थांबता आलेच पाहिजे. तो वेग ओलांडल्यावर गेले, तर थांबायचे नाही. एका इंजिनावर वर चढायचे आणि चढता आलेच पाहिजे. हा वेग दर उड्डाणाला भार, तापमान, धावपट्टीची लांबी यांवरून आधीच काढलेला असतो. काही सेकंदांत घ्यावा लागणारा निर्णय कागदावर आधीच घेऊन ठेवणे, हे या नियमाचे सार. डकोटाचा आराखडा मात्र हे नियम स्थिरावण्याआधीचा होता.

१६/
नागपूरच्या अपघाताची तांत्रिक बाजू इथे संपते, सामाजिक बाजू सुरू होते. मृत प्रवाशांपैकी एकाची पत्नी आणि मूल न्यायालयात गेले. दावा कलकत्ता उच्च न्यायालयात चालला. एकट्या वाचलेल्या वैमानिकाची साक्ष तिथे झाली. इंजिन का गेले, वैमानिकाने काय करायला हवे होते, निष्काळजीपणा झाला का, असे प्रश्न निघाले. पण अपिलात अंतिमतः निर्णायक ठरला तो विमानाच्या कोणत्याही भागापेक्षा लहान असा एक कागद : प्रवाशाचे तिकीट.

१७/
तिकिटावर अटी छापलेल्या होत्या. त्यांचा आशय असा, की प्रवासात मृत्यू किंवा इजा झाली तरी वाहतूकदार जबाबदार राहणार नाही. नोकरांच्या निष्काळजीपणाने झाली तरीही नाही. वारसांचा हक्क १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यातून येत होता. त्या कायद्याचा पाया हा, की मृत व्यक्ती जगली असती तर तिला दावा करता आला असता का? तिकीट घेताना प्रवाशाने अटी स्वीकारल्या, म्हणजे त्याचा स्वतःचा हक्क गेला. त्याचा गेला म्हणून वारसांचाही गेला. अशा अटीला भारतीय कायद्यात मनाई नाही, असे न्यायालयाने ठरवले. कुटुंब हरले.

१८/
या निकालातील विसंगती आज डोळ्यांत खुपते. १९२९ च्या वॉर्सा करारानुसार आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात वाहतूकदाराला जबाबदारी पूर्णपणे झटकता येत नव्हती. भारताने १९३४ च्या कायद्याने हा करार स्वीकारलाही होता. पण १९५३ साली देशांतर्गत प्रवासाला त्याचे संरक्षण लागू नव्हते. म्हणजे मुंबईहून लंडनला जाणाऱ्याच्या जिवाला कायद्याने किमान किंमत होती. नागपूरहून मद्रासला जाणाऱ्याच्या जिवाची किंमत तिकिटामागची बारीक अक्षरे ठरवत होती. टपाल सर्वांसाठी समान झाले होते. प्रवासी अजून झाले नव्हते.

१९/
पुढे १९७२ चा हवाई वाहतूक कायदा आला आणि १९७३ च्या अधिसूचनेने त्याचे नियम देशांतर्गत उड्डाणांना लागू झाले. जबाबदारी पूर्णपणे नाकारणाऱ्या अटी त्यामुळे निष्प्रभ ठरल्या. भरपाईची रक्कम नंतर टप्प्याटप्प्याने वाढली. २०१४ मध्ये देशांतर्गत प्रवाशाच्या मृत्यूसाठी ती वीस लाख रुपयांवर गेली. रात्रीची टपालसेवा मात्र १९७० च्या दशकात इतिहासजमा झाली. एका रात्रीच्या अपघाताने एकट्याने कायदा बदलला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कायद्यात पोकळी नेमकी कुठे आहे, हे त्या दाव्याने लख्ख दाखवले. पुढील अनेक वर्षे कायद्याचे विद्यार्थी हा निकाल वाचत राहिले.

२०/
दरम्यान आकाशात लहान दुइंजिनी विमानांची नवी पिढी आली. १९६४ साली प्रथम उडालेले बीचक्राफ्ट किंग एअर हे तिचे ठळक उदाहरण. त्यातील सी-९० या प्रकाराचे वजन पूर्ण भाराने साडेचार टनांच्या आसपास. डकोटाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक. राज्य सरकारे, उद्योगसमूह, रुग्णवाहिका सेवा यांची ही आवडती विमाने. पण ५७०० किलोंच्या आतील विमानांना, इंजिन गेल्यावरही टेकऑफ पूर्ण करण्याची जी हमी मोठ्या प्रवासी विमानांना द्यावी लागते, तितकी कठोर अट सरसकट लागू नसते. इथे वैमानिकाचा सराव आणि विमानाची देखभाल यांच्यावर अधिक भिस्त असते.

२१/
त्याची किंमतही मोजावी लागली आहे. २२ डिसेंबर २०१५ रोजी दिल्लीहून रांचीकडे निघालेले सीमा सुरक्षा दलाचे किंग एअर बी-२०० उड्डाणानंतर काही क्षणांत विमानतळाच्या कुंपणाजवळ कोसळले. विमानातील दहाही जण गेले. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले किंग एअर सी-९० मुंबईच्या घाटकोपर भागात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ पडले. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक श्रमिक मृत्युमुखी पडला. त्या पादचाऱ्याने कोणतेही तिकीट काढलेले नव्हते, हे या ठिकाणी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२२/
आता दुसरे उड्डाण. ६ मे २०२१. करोनाची दुसरी लाट शिगेला पोहोचलेली. एक किंग एअर सी-९० रुग्णवाहिका रुग्णाला घेऊन नागपूरहून उडते. विमानात पाच जण आहेत. धावपट्टी सोडतानाच विमानाचे एक चाक निखळून पडते. बसलेल्या माणसाला हे दिसण्याची शक्यता फार कमी. ते दिसते विमानतळावर पहाऱ्यावर असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका जवानाला. तो लगेच खबर देतो. खबर नियंत्रण कक्षाकडे आणि तिथून वैमानिकाकडे जाते.

२३/
या खबरीचे मोल समजून घेतले पाहिजे. चाक नाही हे ठाऊक नसते, तर विमान नेहमीप्रमाणे चाके खाली काढून उतरले असते. एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला नुसता धातूचा दांडा, अशा स्थितीत विमान ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीला टेकले असते. दांडा रुतला की विमान गर्रकन फिरते, पंख आपटतो, आणि पंखांत इंधन असते. माहिती आधी मिळाल्यामुळे दुसरा मार्ग निवडता आला : चाके बाहेर काढायचीच नाहीत, पोटावर उतरायचे.

२४/
मुंबई विमानतळावर संपूर्ण आणीबाणी जाहीर झाली. धावपट्टीवर अग्निशमनाचा फेस पसरला गेला, बंब आणि रुग्णवाहिका उभ्या राहिल्या. रात्री नऊच्या सुमारास कॅप्टन केसरी सिंह यांनी विमान त्या फेसावर पोटाने उतरवले. विमान घसरत गेले आणि थांबले. रुग्णासह पाचही जण सुखरूप बाहेर आले. इथे दोन्ही इंजिने शेवटपर्यंत चालू होती, म्हणून १९५३ शी या घटनेची थेट तुलना करता येणार नाही. नागपूरच्या डकोटाला सेकंद मिळाले होते, या विमानाला तास मिळाले.

२५/
पण हे तास आपोआप मिळाले नव्हते. ते एका माणसाच्या नजरेने मिळवून दिले आणि त्याचा शब्द अडवून न ठेवणाऱ्या साखळीने वाया जाऊ दिले नाहीत. पहारेकरी, नियंत्रक, वैमानिक, अग्निशामक : यांतील एकाही दुव्याला इंजिनांच्या संख्येशी कर्तव्य नव्हते. त्याच वेळी हेही विसरता येत नाही, की उडताना चाक निखळणे हीच मुळात घडू नये अशी गोष्ट आहे. सुखरूप उतरलेल्या विमानाचीही चौकशी व्हावी लागते ती यासाठी.

२६/
चौकशीच्या पद्धतीतही या काळात मोठे अंतर पडले. १९५१ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अपघात-चौकशीचे मानक स्वीकारले. त्याचे सूत्र असे, की चौकशीचा हेतू दोष ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. भारतात विमान अपघात अन्वेषण विभाग स्वतंत्रपणे उभा राहायला २०१२ साल उजाडले. तोवर नियम करणारी आणि चौकशी करणारी यंत्रणा एकाच छताखाली होती. अपघातानंतर ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न न्यायालयाचा. ‘पुन्हा कसे घडणार नाही?’ हा अन्वेषकाचा. दोन्ही प्रश्न हवेत, आणि दोन्ही वेगळे हवेत.

२७/
दोन इंजिनांच्या विमानाचा इतिहास बहुधा यंत्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. नागपूरची धावपट्टी त्यात एक भर घालते. दुसरे इंजिन हे आश्वासन आहे. ते खरे होते ते सराव, देखभाल, आधी करून ठेवलेला हिशेब आणि सावध नजर यांमुळे. आणि ते खोटे ठरले, तर त्याचा भार कोणी उचलायचा, हे यंत्र सांगत नाही, कायदा सांगतो. १९५३ साली कायद्याने तो भार एका विधवेवर आणि तिच्या मुलावर टाकला होता.

२८/
संगमेश्वरच्या घरी दिल्लीचे पत्र आले असेल, तेव्हा वाचणाऱ्यांनी ते उलगडून क्षेमकुशल पाहिले असेल, तारीख पाहिली असेल आणि इतक्या लवकर कसे आले याचे क्षणभर नवल केले असेल. पाकिटावर नागपूरच्या मध्यरात्रीची, थैल्या बदलणाऱ्या हातांची किंवा काळोखात धावपट्टी सोडणाऱ्या वैमानिकाची कोणतीही खूण नसे. लवकर आलेल्या पत्रामागे कोणी कोणता धोका पत्करला होता, हे पत्त्याच्या बाजूला लिहिलेले नसते. ते इतिहासात शोधावे लागते.

(थ्रेड समाप्त)